घाटाखालचे भास्कराचार्य, ग्रुपवरचे भास्कराचार्य

दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज आमच्या कन्नडच्या ग्रुपवर येतोच. वर भास्कराचार्यांचं चित्र, खाली सफरचंदाचं झाड आणि मध्ये ठळक अक्षरांत: ‘न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध आपण लावला!’ त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागते. मग कुणीतरी हटकून लिहितो, ‘आणि तेही आपल्या घाटाखाली!’

या शेवटच्या वाक्याला आमच्याकडे जरा जास्तच वजन आहे. कन्नडचा घाट उतरला की मराठवाडा संपतो आणि खानदेश सुरू होतो. डोंगराच्या वरच्या अंगाला आम्ही, पितळखोऱ्याची लेणी आणि गौताळ्याचं जंगल. खालच्या अंगाला चाळीसगाव तालुक्यातलं पाटण, म्हणजे आपली पाटणादेवी. तिथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, हे इथल्या बहुतेकांना ऐकून माहीत असतं. देवीला जाऊन आलेले खूप असतात. शिलालेखात काय लिहिलंय हे विचारलं, तर मात्र गप्पा पुढच्या विषयाकडे वळतात.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ उतरलं, तेव्हा बसस्थानकाजवळच्या टपरीवर मीही मोबाइलकडे डोळे लावून उभा होतो. यान टेकलं, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या चहाला वाद सुरू झाला. एक बाजू म्हणाली, हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं. दुसरी म्हणाली, ग्रंथांत काही नव्हतं, सगळ्या फॉरवर्डच्या गोष्टी आहेत, विज्ञान तिकडूनच आलं. दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच चढलेला, आणि भास्कराचार्यांचं एक पानसुद्धा दोघांपैकी कुणी उघडलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मीही उघडलेलं नव्हतं. नंतर उघडलं. त्यातून जे हाती लागलं ते त्या मेसेजपेक्षा कितीतरी रंजक आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात पाटणच्या दगडापासून करू. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास अभ्यासकांसमोर आणला. त्यात स्वतः भास्कराचार्यांनी काही कोरलेलं नाही. तो त्यांच्या नातवाच्या काळचा, इ.स. १२०७ च्या सुमाराचा आहे. नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला चंद्रग्रहणाच्या दिवशी दान दिलं. लेखात घराण्याची वंशावळ आहे: भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव, आणि महेश्वरांच्या आधीच्याही पिढ्या. सगळी पढिक माणसं.

पण मला त्या दगडातला सगळ्यात आवडलेला भाग शेवटचा आहे. वरचा मजकूर संस्कृत, आणि शेवटच्या काही ओळी चक्क जुन्या मराठीत. विषय पैशांचा आला, म्हणून बहुधा सगळ्यांना कळेल अशी भाषा वापरली असावी. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल त्यावरचं राजाला मिळणारं उत्पन्न मठाला द्यायचं. गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या घाटाखाली गणिताची शाळा चालत होती आणि तिच्या दिव्यात गावातल्या घाण्याचं तेल होतं. हा फॉरवर्ड मला अजून कुणी पाठवलेला नाही.

भास्कराचार्य स्वतः पाटणचे होते का? त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं ‘विज्जडविड’ असं सांगितलंय. ते नेमकं कुठलं यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी पाटणच्या परिसरात शोधतं, कुणी विजापूरकडे, कुणी बीडकडे. ‘आमच्या घाटाखालचे’ असं म्हणताना मीही मनातल्या मनात एक प्रश्नचिन्ह ठेवतो. त्यांचा नातू आणि त्यांचे ग्रंथ मात्र घाटाखाली नक्की होते.

आता त्या मेसेजकडे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. मेसेजचा आधार आहे तो गोलाध्यायातला एक श्लोक. त्याचा अर्थ साधारण असा: पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, आणि आपल्याला वाटतं की वस्तू पडली, मग सगळीकडे सारखंच आकाश असताना ही पृथ्वी कुठे पडेल?

श्लोक खरा आहे. त्यात ‘आकृष्टि’ही आहे आणि ‘गुरु’ही आहे. आपला शाळेतला ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द याच मुळांचा, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की सगळा धडाच तिथे आहे.

पण शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा. भास्कराचार्य तिथे दुसऱ्याच भांडणात आहेत. त्या काळी काहींचं म्हणणं होतं की जड वस्तू आधाराशिवाय पडतात, तेव्हा ही अवजड पृथ्वीसुद्धा सतत खाली पडत असणार. काहींचं म्हणणं, तिला कुणीतरी उचलून धरलंय. भास्कराचार्य दोघांनाही उत्तर देतात. आधाराला आधार लागला, तर त्या आधाराला कुणाचा आधार? ही साखळी कुठेतरी थांबवावीच लागते, मग पृथ्वीपाशीच थांबवायला काय हरकत? आणि ‘खाली’ म्हणजे तरी काय? वस्तू पृथ्वीकडे ओढली जाते, तीच दिशा ‘खाली’. पृथ्वीला स्वतःला कुठलंच ‘खाली’ नाही. पृथ्वी गोल असून सपाट का दिसते, याचंही उत्तर तिथेच आहे: मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच दिसतो, आणि माणूस त्या गोलापुढे फार लहान आहे.

हे वाचून मी थांबलो होतो. इतका नेटका युक्तिवाद आपल्याला शाळेत कुणी का सांगितला नाही?

मात्र ओढीची ही कल्पना भास्कराचार्यांची पहिली नव्हे. त्यांच्याआधी पाचशे वर्षं, सातव्या शतकात, ब्रह्मगुप्ताने सांगितलं होतं की वस्तू आपल्याकडे ओढणं हा पृथ्वीचा स्वभाव आहे, जसं वाहणं हा पाण्याचा. ते मत अल्-बिरूनीने आपल्या भारतावरच्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय. तेव्हा ‘पाचशे वर्षं आधी’ हा खेळ खेळायचाच, तर भास्कराचार्य त्यात हरतील. आपल्याच माणसाकडून.

आणि न्यूटनने नेमकं काय केलं? वस्तू खाली पडते हे सांगायला १६८७ सालचा त्याचा ‘प्रिन्सिपिया’ लागत नव्हता. त्याने वेगळाच प्रश्न घेतला: फळाला ओढणारी ओढच चंद्राला धरून ठेवत असेल का? चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या सुमारे साठ त्रिज्यांवर आहे. ओढ जर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असेल, तर तिथे ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पटीने कमी हवी. इथे सोडलेला दगड पहिल्या सेकंदात जवळपास ४.९ मीटर पडतो. त्याला ३६०० ने भागा: सव्वा आणि दीड मिलिमीटरच्या मध्ये कुठेतरी उत्तर येतं. चंद्र आपल्या सरळ वाटेवरून दर सेकंदाला किती आत वळतो, हे निरीक्षणांवरून काढलं, तर तेवढंच येतं. चंद्रही पडतोच आहे, फक्त पुढेही जातो आहे म्हणून आदळत नाही. पृथ्वी चंद्राला ओढते तसा चंद्रही पृथ्वीला ओढतो, आणि प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला. ‘पृथ्वी ओढते’ आणि ‘सगळंच सगळ्याला ओढतं, आणि इतकं ओढतं’ यांत हा फरक आहे. त्या संध्याकाळी चंद्रयानाचं इंजिन किती सेकंद आणि किती जोराने चालवायचं, हे दुसऱ्या वाक्यावरून काढता येतं, पहिल्यावरून नाही.

एवढं टपरीवर सांगितल्यावर एक जण म्हणाला, ‘म्हणजे सफरचंद खरंच डोक्यावर पडलं होतं?’ डोक्यावर पडल्याचा पुरावा नाही. म्हातारपणी न्यूटनने बागेत बसून विल्यम स्टुकली या मित्राला सांगितलं की फळ पडताना पाहून आपल्याला तो विचार सुचला होता. स्टुकलीने ते लिहून ठेवलं. डोकं नंतरच्या लोकांनी जोडलं. आपल्याकडेही असंच झालंय. लीलावतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: भास्कराचार्यांच्या मुलीचं लग्न, मुहूर्तासाठी पाण्यावर ठेवलेलं घटिकापात्र, ती वाकून बघते, तिच्या अंगावरचा मोती भांड्यात पडतो, भोक बुजतं आणि मुहूर्त टळतो. मग बाप म्हणतो, तुझ्या नावाने ग्रंथ लिहीन. डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट. ती मिळते फैजीने अकबराच्या सांगण्यावरून १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी अनुवादात, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ ग्रंथात ‘बाले’, ‘सखे’ अशी प्रेमळ हाक आहे, मोती नाही. एकीकडे सफरचंद, एकीकडे मोती. बीजगणित विसरतं, फळ आणि दागिना लक्षात राहतो.

तर मग या माणसाचा खरा मोठेपणा कुठे आहे? एक उदाहरण देतो, पेन घेऊन बसा. एखादी पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६० ने गुणा आणि १ मिळवा. उत्तर पुन्हा एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग आलं पाहिजे. १, २, ३ चालत नाहीत. ४ घ्या: १६ गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. झालं. आता ६० ऐवजी ६२ घ्या. ८ ला जमतं: ६४ गुणिले ६२ अधिक १ म्हणजे ३९६९, हा ६३ चा वर्ग. दोन्ही पाच मिनिटांची कामं.

आता मधला ६१ घ्या.

बसाल, आणि बसूनच राहाल. चालणारी सगळ्यात लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०. बावीस कोटींच्या वर. दर सेकंदाला एक संख्या तपासली, न जेवता न झोपता, तरी सात वर्षांहून जास्त लागतील. १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हेच ६१ चं कोडं आपल्या काळच्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकलं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या बीजगणितात हेच उदाहरण आहे, ६१ च, आणि उत्तरही आहे. त्यांनी एकेक संख्या तपासली नव्हती. ‘चक्रवाल’ नावाची पद्धत वापरली: चुकीच्या पण जवळच्या उत्तरापासून सुरुवात करायची, त्यावरून जास्त जवळचं काढायचं, पुन्हा तेच, असं चाकासारखं फिरत गेलं की थोड्याच फेऱ्यांत नेमक्या उत्तराशी पोचता येतं. पद्धतीचा पाया ब्रह्मगुप्ताचा, चक्रवाल जयदेव नावाच्या आधीच्या गणितज्ञाकडेही सापडतं. भास्कराचार्यांकडे ते पूर्ण, उदाहरणांसह मांडलेलं आहे.

हे सांगायला न्यूटनला खाली ओढावं लागत नाही. पण यात कुणी हरत नाही, आणि गणित करावं लागतं, म्हणून ते फॉरवर्ड होत नसावं. मी ग्रुपवर टाकून पाहिलं. दोन अंगठे आले. नववीतल्या एका मुलीने मात्र आईच्या फोनवरून ६० आणि ६२ ची उत्तरं पाठवली आणि विचारलं, ‘काका, ६१ चं कॅल्क्युलेटरवर दिसत नाही, शेवटचे आकडे गायब होतात.’ बरोबरच आहे तिचं. तिथे एकोणीस अंकी संख्या येते. फोनच्या साध्या कॅल्क्युलेटरच्या पट्टीत न मावणारं गणित भास्कराचार्यांनी हाताने केलं होतं.

इथवर सगळं गोड आहे. आता कडू भाग.

मागच्या उन्हाळ्यात माझा मामेभाऊ माझ्याकडे आला. तालुक्यातल्या एका वस्तीवर त्याची विहीर आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दीड-दोन वाजता उठून मोटार चालू करायला जायचं. जंगल जवळ, बिबट्याच्या बातम्या सतत, म्हणून घरची माणसं तो परत येईपर्यंत जागी. त्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मोठं चाक, त्याला वजनं आणि लोहचुंबक, एकदा हाताने फिरवलं की फिरतंच राहतं, त्यावर बल्ब लागतो, पंप चालतो. ‘विजेशिवाय, डिझेलशिवाय, आयुष्यभर फुकट.’ आगाऊ वीस हजार मागितले होते. आणि व्हिडिओतला माणूस ठासून सांगत होता की असं चाक भास्कराचार्यांनी नऊशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय.

भाऊ म्हणाला, ‘दादा, तूच परवा म्हणत होतास ना, ते लई मोठे होते म्हणून?’

पंचाईत अशी की व्हिडिओतला तो भाग खरा आहे. गोलाध्यायातल्या यंत्रांच्या प्रकरणात असं चाक आहे: हलक्या लाकडाचं, एकाच बाजूला कललेले पोकळ आरे, त्यांत अर्धवट पारा भरायचा, की चाक आपोआप फिरत राहील. ही कल्पना पुढे इतरत्रही दिसते. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ऑनकूर याच्या वहीत आपोआप फिरणाऱ्या चाकाचं चित्र आहे. शेकडो वर्षं लोक अशी चाकं बनवत राहिले. एकही चाललं नाही. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने कंटाळून जाहीर केलं की असल्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे आम्ही तपासणारच नाही.

का चालत नाही, हे त्याला मी घाटावरून सांगितलं. कन्नडचा घाट उतरताना ट्रकला डिझेल लागत नाही, ब्रेकच लावावे लागतात. पण तोच ट्रक परत वर यायचा असेल तर उतरताना फुकट मिळालेलं सगळं परत द्यावं लागतं, आणि चाकांच्या घर्षणाचं वर. त्या चाकातला पाऱ्याचा प्रत्येक थेंब एका फेरीत जितका उतरतो तितकाच चढतो. हिशेब शून्य. अक्षाच्या घर्षणात जे जातं ते कुणी भरून देत नाही, म्हणून चाक हळूहळू थांबतं. विहिरीतून पाणी वर काढायचं तर ती ताकद कुठून तरी यावीच लागते. व्हिडिओतल्या बल्बची वायर टेबलाखाली कुठे जाते, ते शेवटपर्यंत दाखवलेलं नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘म्हणजे भास्कराचार्य चुकले?’

या चाकाबाबत हो, चुकले. ऊर्जेचा हिशेब मांडायला त्यांच्यानंतर सातशे वर्षं जावी लागली. शून्याने भागण्याच्या एका नियमातही ते आजच्या गणिताला मान्य होणार नाही असं लिहून गेलेत. त्यांना चुकू न देणं हा त्यांचा मान नव्हे. त्यांनी स्वतः कुणाला असा मान दिलेला नाही. लल्ल हा त्यांच्या आधीचा नावाजलेला आचार्य. गोलाच्या पृष्ठफळाचा त्याचा नियम चुकीचा आहे असं भास्कराचार्यांनी नाव घेऊन लिहिलं आणि का चुकीचा ते दाखवलं. चेंडूवर जाळी घातल्यासारखं ते क्षेत्रफळ मधल्या वर्तुळाच्या चौपट येतं, हे त्यांचं उत्तर बरोबर आहे, आपण आजही तेच शिकतो. घाण्याच्या तेलावर चालणाऱ्या त्या मठात नातवाने मुलांना हाच ग्रंथ शिकवला असणार, लल्लाच्या चुकीसकट. पाऱ्याच्या चाकापाशी एखाद्या मुलाने ‘करून बघू या का?’ म्हटलं असेल का, हे दगडावर लिहिलेलं नाही.

भावाने वीस हजार दिले नाहीत. त्या नंबरवरून त्याला अजून फोन येतात, आता किंमत पंधरावर आली आहे. त्याने सौर पंपासाठी अर्ज भरलाय. नंबर लागेपर्यंत रात्रीची पाळी आहेच. बॅटरी आणि काठी घेऊन तो दोन वाजता निघतो, आणि मोटार चालू झाली की घरी मिस कॉल देतो.